तालुक्याची फुकटातली मानसिक आरोग्य ओपीडी: काही महिने वापरल्यावर

मी शिवणकाम करते, परभणी-हिंगोलीच्या शिवेवर राहते. छातीत धडधड, रात्र रात्र जागं राहणं, गिऱ्हाइकाच्या कापडाला कात्री लावायची म्हटलं तरी हात थरथरायचा. खाजगीत ईसीजी झाला, थायरॉईड तपासलं, सगळं नॉर्मल. सासूबाईंच्या मते बाहेरचं होतं, म्हणून उताराही टाकून झाला. या सगळ्यात किती पैसे गेले ते विचारू नका.

आशाताईंनी १४४१६ हा नंबर दिला. केंद्राची टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवरून सल्ला देणारी सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, मराठीत, आणि फोनला एक पैसा लागत नाही. दोन खोल्यांच्या घरात असलं बोलायला जागा कुठून आणायची? गच्चीवर जाऊन लावला. पलीकडच्या बाईने ‘सकारात्मक राहा’ वगैरे काही ऐकवलं नाही. मरावंसं वाटतं का, हे मात्र सरळ विचारलं. घरात कुणी तो शब्दही काढत नव्हतं, त्यामुळे मला उलट मोकळं वाटलं. खोट एकच. पुन्हा फोन केला की दुसरं कुणीतरी उचलतं आणि सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. त्यामुळे अडीअडचणीला, रात्री-अपरात्री हा नंबर उत्तम, पण नेहमीच्या उपचाराला तेवढ्यावर भागत नाही.

नेहमीचं जमलं ते तालुक्याच्या सरकारी दवाखान्यामुळे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे, पण गावात विचारा, दहांतल्या नऊ जणांनी नाव ऐकलेलं नसेल. जिल्ह्याची टीम ठरलेल्या दिवशी आमच्या ग्रामीण रुग्णालयात येते. मानसोपचारतज्ज्ञ असतात, समुपदेशन करणारे असतात. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे घेत नाहीत, म्हणजे तिथे खरोखर शून्य रुपये. खर्च होतो तो एसटीचा आणि बुडालेल्या कामाचा. जिल्ह्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. तालुक्याला दुपारपर्यंत परत येऊन एखादं ब्लाऊज हातावेगळं होतं. माझे उपचार टिकले ते एवढ्यामुळेच. भरती करायची वेळ आली तर आमच्याकडे आणखी पंचाईत: राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही नाही.

ओपीडी भरते बीपी-शुगरच्या खोलीशेजारी, रांगही एकच. मला तर ते आवडलं. ओळखीचं कुणी भेटलं की ‘बीपीची गोळी न्यायला आले’ म्हणायचं, विषय संपला. पण आत गेल्यावर दार नीट लागत नाही. आपण रडत असताना कुणीतरी रजिस्टर न्यायला येतं. गर्दी असली की डॉक्टर पाच-सात मिनिटांत आटोपतात. समुपदेशनाच्या ताई मात्र वेळ देतात. श्वासाचा व्यायाम, झोपेची वेळ बांधून घेणं, धडधड सुरू झाली की काय करायचं, हे सगळं त्यांनीच शिकवलं. नवऱ्यालाही एकदा बोलावून घेतलं. ‘हिचं नाटक नाही’ हे त्याला परक्या माणसाच्या तोंडून ऐकल्यावर पटलं, माझ्या तोंडून कधी पटलं नसतं.

गोळी फ्लुऑक्सेटीनची, म्हणजे चिंता-नैराश्यावरच्या औषधाची. सुरुवातीला मळमळ झाली आणि गुण काहीच दिसेना. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून चिकटून राहिले. ‘या गोळ्यांची सवय लागते’ असं गावभर बोलतात. तसं या गोळीचं नाही. झोपेच्या काही गोळ्यांची लागते, म्हणून त्या मोजक्याच दिवसांसाठी देतात. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही, हे प्रत्येक वेळी बजावतात.

खरा राग आहे तो औषधसाठ्यावर. मधूनच ‘शिल्लक नाही, बाहेरून घ्या’ ऐकावं लागतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की आवश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत. खिडकीवरच्या माणसाला हे सांगून उपयोग नाही, त्याच्या हातात रिकामं कपाट आहे. मी अधीक्षकांकडे लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. पुढच्या खेपेला गोळ्या होत्या. अर्जामुळे आल्या की तशाच, देव जाणे.

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत २०१५ पासून शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आहे, आशाताई घरोघरी विचारपूस करतात. पण कापूस वेचणीच्या दिवसांत घरी सापडतं कोण? आणि बांधावरच्या गड्याला ‘मन उदास राहतं का’ विचारलं तर तो हसून ‘नाही’च म्हणणार. त्याच्या बायकोला विचारा, ती सांगेल.

आता झोप येते, मशीन चालू आहे, धडधड कधीतरीच. तुम्ही जाणार असाल तर जुने सगळे कागद आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत ठेवा. निघण्याआधी टीम नक्की येणार का ते फोन करून विचारा, सुट्टीच्या आठवड्यात दिवस बदलतो. आणि गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच खिडकी गाठा.