ॲडव्हान्स घेऊन माल न देणाऱ्याला फोनवर मुदत देऊ नका

मोटार रिवाइंडिंगसाठी मी तांब्याच्या तारेची ऑर्डर दिली. दर ठरला, डिलिव्हरीची तारीख पर्चेस ऑर्डरवर लिहिली, ॲडव्हान्स भरला. मग तांब्याचा भाव चढला आणि पुरवठादाराची भाषा बदलली. "माल उद्या निघतोय", "गाडी मिळत नाही", असं करत शेवटी बांधलेल्या खोक्यांचा फोटो आला, वर माझ्या वर्कशॉपच्या नावाची चिठ्ठी. सोबत बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या माल-पावतीचा, नंबर. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात विचारलं, तर त्या नंबरचं बुकिंगच नव्हतं. पुढे एका ओळखीच्या कारागिराच्या मोबाईलवर तोच फोटो दिसला. कोपऱ्यात फाटलेलं तेच खोकं, चिठ्ठीवर मात्र त्याचं नाव! संताप आला.

वकिलांमार्फत नोटीस पाठवली. उत्तर आलं, "खरेदीदारानेच मुदत वाढवून दिली." माल अडकला की कुणीही फोनवर "बरं, पण लवकर पाठवा" म्हणतो. तेच शब्द ते आता पुढे करतात. करार कायदा, 1872 च्या कलम 63 प्रमाणे मुदत वाढवून देता येते, म्हणून त्यांना हा बचाव सुचतो. कलम 55 तर नीट वाचाच. वेळ हीच कराराची मुख्य अट असेल आणि उशिरा आलेला माल तुम्ही काही न बोलता उतरवून घेतलात, तर उशिराची भरपाई मागता येत नाही. माल घेतानाच कळवावं लागतं की भरपाईचा हक्क सोडलेला नाही; पुराव्यासाठी ते लेखी द्या.

भरपाई किती, याचं उत्तर कलम 73 खालच्या पहिल्याच उदाहरणात आहे. 50 मण सोरा (एक क्षार) द्यायचा करार मोडला, तर ठरलेला दर आणि माल द्यायच्या वेळचा बाजारभाव यांतला फरक मिळतो. म्हणून ठरलेली तारीख उलटताच दुसऱ्या व्यापाऱ्यांची कोटेशनं घेऊन ठेवा. महिन्याभरानंतरचा भाव कोर्टात उपयोगी पडेलच असं नाही. ॲडव्हान्सची मागणी वेगळी करायची. दावा करार मोडल्यापासून 3 वर्षांत लावावा लागतो.

पोलीस बहुतेक वेळा "हा दिवाणी वाद आहे" म्हणतात, कारण फसवणुकीच्या गुन्ह्यात मुळापासून खोटा हेतू दाखवावा लागतो. खोटी बिल्टी आणि दोघांना गेलेला एकच फोटो तिथे कामी येऊ शकतो, म्हणून एकही चॅट डिलीट करू नका. ग्राहक आयोगात धंद्यासाठी घेतलेल्या मालाची तक्रार सहसा टिकत नाही. फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या मालाला सवलत आहे.

माझा ॲडव्हान्स अजून अडकलेलाच आहे. तुम्हाला असा फोटो आला, तर उरलेले पैसे भरण्याआधी ट्रान्सपोर्टला स्वतः फोन करून बिल्टी खरी आहे का विचारा.