१८८१ च्या जनगणनेचे पान

माझ्या सासूबाई बोस्टनजवळ राहतात आणि त्यांच्या माहेरचे मूळ आयर्लंडमधील क्लेअर काउंटीत आहे. १८४५ ते १८५२ चा बटाट्याचा दुष्काळ ओसरल्यानंतर काही वर्षांनी पॅट्रिक नावाचा एक तरुण बोस्टनला उतरला आणि त्याची धाकटी बहीण मेरी गावीच राहिली, एवढेच त्यांना आजीकडून ऐकून ठाऊक होते. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला या घराण्याची वंशावळ शोधून भेट द्यावी असे मी ठरवले, आणि त्या हौसेपायी एका वंशावळ-संशोधकाला दोन हप्त्यांत १,४०० डॉलर देऊन बसले.

मी इतक्या सहज विश्वास का ठेवला, हेही सांगितले पाहिजे. लहानपणी वडिलांनी मला त्र्यंबकेश्वरला नेले होते. तिथे आमच्या तीर्थोपाध्यायांनी लाल कापडातली चोपडी सोडून पणजोबांची मोडीतली सही दाखवली होती. वंश म्हटला की कुठेतरी चोपडी असणारच, योग्य माणूस गाठला की ती उघडते, अशी माझी समजूत तेव्हापासून झाली होती. आयर्लंडमधल्या अनेक चोपड्या जळून गेल्या आहेत, हे मला माहीत नव्हते.

त्या गृहस्थांनी आरंभी एक लांबलचक अर्ज भरून घेतला. घरात ऐकलेली प्रत्येक गोष्ट, नावे, अंदाजे साले, बहिणीची कथा, सारे मी मनापासून लिहून दिले. सहा आठवड्यांनी सोनेरी अक्षरांचा, चाळीस पानांचा अहवाल आला, सोबत आडनावाचे ‘कुलचिन्ह’ असलेली लाकडी ढाल. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. अहवालात जे होते ते बहुतेक माझ्याच अर्जातले होते, फक्त त्याला साल, शिक्का आणि संदर्भ क्रमांक चिकटवलेले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

लक्षात आणून दिले ते आमच्या गावच्या ग्रंथालयातील संदर्भ विभागातल्या बाईंनी. अहवालाची जास्तीची प्रत करून घेण्यासाठी मी तिथे गेले होते. त्यांनी चार पाने उलटली, थांबल्या, आणि पेन्सिलीचे टोक ‘आयर्लंडची जनगणना, १८८१’ या ओळीवर ठेवले. त्या पानावर मेरी, तिचा नवरा आणि चार मुले वयांसकट नोंदलेली होती. “हे पान कोणालाच दिसू शकत नाही,” त्या म्हणाल्या. १८८१ आणि १८९१ च्या जनगणनेचे मूळ कागद पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले. १८६१ आणि १८७१ चे त्याआधीच सरकारने नष्ट केले होते. आणि १८२१ ते १८५१ चे बहुतेक कागद ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातील सरकारी दप्तरखान्याच्या स्फोटात आणि आगीत गेले. शतकांची मृत्युपत्रे आणि प्रॉटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्याही त्याच आगीत गेल्या. संपूर्ण टिकलेल्या सर्वांत जुन्या जनगणना १९०१ आणि १९११ च्या, आणि त्या आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतात.

त्यानंतर तो अहवाल विणकाम उसवावे तसा उसवत गेला. पॅट्रिकचा १८३८ चा ‘सरकारी जन्मदाखला’ त्यात होता, पण आयर्लंडमध्ये जन्मांची सरकारी नोंदणीच १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. कॅथलिक विवाहांचीही तेव्हापासूनच. ग्रिफिथ व्हॅल्युएशनमध्ये पॅट्रिकच्या वडिलांची बायको आणि मुले दिसतात असे लिहिले होते. १८४७ ते १८६४ या काळात छापलेली ही जमीन-आकारणीची यादी प्रत्यक्षात फक्त जमीन धरणाऱ्याचे नाव, जमीनमालक, क्षेत्र आणि आकारणीची रक्कम देते. बायकामुलांचा आणि वयाचा रकानाच त्यात नाही. बाप्तिस्म्याच्या लॅटिन नोंदीचे जे छायाचित्र होते, त्यात पानाचा वरचा भाग नेमका कापलेला होता, म्हणजे पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला परिसर) कोणती ते कळायची सोय नाही. कॅथलिक पॅरिशच्या साधारण १८८० पर्यंतच्या नोंदवह्या आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून विनामूल्य खुल्या केल्या आहेत. पश्चिमेकडच्या अनेक पॅरिशच्या वह्या १८२० नंतरच सुरू होतात, आणि आम्हाला मात्र १६९० पर्यंतच्या पिढ्या विकल्या गेल्या होत्या.

१९०१ चे एक पान खरे निघाले. पण त्यातली मेरी ४३ वर्षांची होती. आमची मेरी असती तर साठीच्या घरात असायला हवी होती. हे विचारले तेव्हा गृहस्थांनी शांतपणे उत्तर पाठवले की आयरिश जनगणनेतल्या वयांवर विसंबता येत नाही. हे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे बोलणाऱ्याला पकडणे फार अवघड असते. १९०८ च्या कायद्याने सत्तरीनंतर निवृत्तिवेतन मिळू लागले आणि ते मिळावे म्हणून १९११ मध्ये कित्येकांची वये दहा वर्षांत पंधरा वर्षांनी वाढली, पण १९०१ मध्ये वीस वर्षे लपवण्याचे कारण त्यातून मिळत नाही. ढालीचे म्हणाल तर आयरिश कुलचिन्ह ठरावीक व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना दिलेले असते. आडनाव सारखे म्हणून ते कोणाचेही होत नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. पहिला हप्ता मी क्रेडिट कार्डाने देऊ पाहत होते, तर ‘कार्डाचे शुल्क वाचेल’ म्हणून त्यांनी थेट बँकेतून पाठवायला सांगितले, आणि मीही तो सल्ला काटकसरीचा समजले. तक्रार लिहून दिली आहे. दुसऱ्या हप्त्याचे कारण ‘खासगी पॅरिश दप्तराचे शुल्क’ असे होते. कोणते दप्तर, कोणत्या गावचे, हे मी तेव्हाच विचारायला हवे होते. असे काम कोणाला द्यायचेच असेल, तर आधी एकाच पिढीचे द्यावे, प्रत्येक नोंदीचे संपूर्ण, न कापलेले छायाचित्र मागावे आणि घरातली एखादी माहिती मुद्दाम हातची राखून ठेवावी. ती आपोआप सापडते का, ते कळते.

गेल्या हिवाळ्यात ग्रंथालयातल्या त्याच बाईंच्या मदतीने आम्ही मॅसॅच्युसेट्सच्या मृत्युनोंदीत पॅट्रिक शोधला, कारण इथल्या नोंदीत मृताच्या आईवडिलांची नावेही असतात. दोन्ही नावे मिळाली. जन्मस्थळाच्या रकान्यात कारकुनाने फक्त ‘आयर्लंड’ असे लिहिले आहे. सासूबाईंनी त्या नोंदीची प्रत फ्रिजच्या दारावर लावली आहे आणि ढाल तळघरात, जुन्या बर्फाच्या फावड्यांशेजारी, पडून आहे.