लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये मॅक्रोने सूत्रे भरण्याची सोय: एका खजिनदाराचा अभिप्राय

आमच्या गृहनिर्माण संस्थेत 84 सदनिका आहेत आणि दर तिमाहीला देखभालीची बिले तयार करण्याचे काम खजिनदार या नात्याने माझ्याकडे आहे. बिलांचा तक्ता लिब्रेऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या तक्त्यांच्या प्रणालीत ठेवला आहे. सेवाशुल्क सर्वांना सारखे, पाणीपट्टी नळांच्या संख्येवर, सदनिका भाड्याने दिली असेल तर सेवाशुल्काच्या 10 टक्के बिनभोगवटा शुल्क आणि मागची बाकी राहिली असेल तर तिच्यावरचे व्याज, असा बिलाचा सारा हिशेब सूत्रांवर चालतो. दर तिमाहीला नवे पान उघडून ही सूत्रे पुन्हा भरायची, आणि मध्यंतरी कोणी घाईत सूत्रावरच आकडा टाइप करून ठेवला असेल तर तेही पूर्ववत करायचे, हे काम मी मॅक्रोवर, म्हणजे ठरावीक आज्ञा आपोआप पार पाडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, सोपवले आहे. मॅक्रोतून सेलमध्ये, म्हणजे तक्त्यातल्या एका चौकटीत, सूत्र बसवण्याची कॅल्कमधली सोय कशी आहे, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे. आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहाव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

सेल हातात आला की त्याला तीन प्रकारे मजकूर देता येतो. सेटव्हॅल्यूने आकडा जातो, सेटस्ट्रिंगने अक्षरे जातात आणि सेटफॉर्म्युलाने सूत्र जाते. सेटस्ट्रिंगने बरोबरचे चिन्ह (=) लावून सूत्र लिहिले, तरी सेलमध्ये ते जसेच्या तसे मजकूर म्हणून दिसत राहते आणि गणित होत नाही. नवशिक्याचे गाडे बहुधा येथेच प्रथम अडते.

सेटफॉर्म्युलाचा मला सर्वांत भावलेला गुण म्हणजे तिचे व्याकरण पक्के आहे. पडद्यावरची भाषा मराठी असो वा इंग्रजी, आणि पर्यायांमध्ये सूत्राची कोणतीही धाटणी निवडलेली असो, या आज्ञेला फंक्शनची नावे इंग्रजीच लागतात, दोन घटकांच्या मध्ये अर्धविरामच लागतो आणि पानाचे नाव व सेलचा पत्ता यांच्या मध्ये टिंबच लागते. एक्सेलमधून आलेली व्यक्ती सवयीने स्वल्पविराम आणि उद्गारचिन्ह लिहिते आणि सेलमध्ये चूक दिसली की गोंधळते. पण हा नियम एकदा अंगवळणी पडला की माझ्या संगणकावर लिहिलेला मॅक्रो संस्थेच्या कार्यालयातल्या संगणकावरही तंतोतंत तसाच चालतो. पडद्यावर हाताने लिहितो तशाच धाटणीने मॅक्रोतून लिहायचे असेल, तर त्यासाठी फॉर्म्युलालोकल हा वेगळा गुणधर्म आहे. तो मी वापरत नाही, कारण मग मॅक्रोचे यश समोरच्या संगणकाच्या मांडणीवर अवलंबून राहते.

मराठीत हिशेब ठेवणाऱ्यांनी कॅल्कचा विचार जरूर करावा, असे मी ज्या कारणासाठी म्हणतो, ते मात्र याहून वेगळे आहे. आमच्या तक्त्यात 'जमा' नावाचे पान आहे, आणि सदनिका भाड्याने दिली आहे का, या रकान्यात 'होय' किंवा 'नाही' लिहिलेले असते. त्यामुळे सूत्रातच मराठी शब्द येतात. ई रकान्यात होय-नाही आणि डी रकान्यात सेवाशुल्क असल्याने बिनभोगवटा शुल्काचे सूत्र मॅक्रोत असे लिहावे लागते: "=इफ(ई2=""होय"";डी2*10%;0)". सगळे सूत्र अवतरणचिन्हांत असल्यामुळे आतल्या शब्दाची अवतरणचिन्हे दुहेरी करावी लागतात, ही त्यातली एकच मेख. कॅल्कच्या मॅक्रो संपादकात 'होय' हा शब्द सरळ टाइप करता येतो, तो तसाच दिसतो आणि सेलपर्यंत तसाच पोहोचतो. एक्सेलचा मॅक्रो संपादक युनिकोड (सर्व लिपींची अक्षरे सामावणारी संकेतपद्धती) धरून बांधलेला नसल्यामुळे विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत तेथे देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. त्यावर उपाय आहेत. पण 'होय' एवढ्या शब्दासाठी 2361, 2379 आणि 2351 हे तीन अक्षरक्रमांक जोडत बसायचे, किंवा तो शब्द कुठल्या तरी सेलमध्ये ठेवून त्याचा पत्ता सूत्रात द्यायचा, असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. दोन वर्षांनी दुसऱ्याच खजिनदाराला तो मॅक्रो वाचायचा असेल, तर सूत्रात 'होय' दिसणे आणि तीन आकडे दिसणे यांत किती अंतर आहे, हे सांगायला नको. पानाचे नाव मराठीत असेल तर ते एकेरी अवतरणचिन्हांत घालावे, म्हणजे नावात मोकळी जागा असली तरी अडत नाही.

आता उणिवा. एक्सेलमध्ये डी2 ते डी85 अशा पट्ट्याला एकच सूत्र दिले, की प्रत्येक ओळीसाठी पत्ते आपोआप बदलून ते बसते. कॅल्कची सेटफॉर्म्युला ही आज्ञा मात्र एका सेलपुरती आहे, संपूर्ण पट्ट्याला ती लागू होत नाही. ही कमतरता रोजच्या कामात जाणवते. त्यामुळे बहुतेक जण लूप, म्हणजे त्याच आज्ञा ओळीमागून ओळ पुन्हा चालवणारी रचना, लिहून प्रत्येक ओळीचे सूत्र अक्षरे जोडून तयार करतात, आणि माझी मोठी चूक याच लूपमध्ये झाली. गेटसेलबायपोझिशन ही आज्ञा आधी रकाना आणि मग ओळ मागते आणि दोन्हींची मोजणी शून्यापासून करते, तर सूत्रातला ई2 हा पत्ता ओळी एकपासून मोजतो. मी दोन्ही ठिकाणी एकच आकडा वापरला. परिणामी प्रत्येक सूत्र एक ओळ खाली बसले आणि 202 क्रमांकाच्या भाड्याने दिलेल्या सदनिकेचे शुल्क 203 मध्ये स्वतः राहणाऱ्या काकूंच्या नावावर लागले. पडद्यावर कोठेही चूक दिसत नव्हती, बेरीजही जुळत होती. बिले छापण्याआधी एकेक नाव वाचून पाहिले म्हणून ते ध्यानात आले. तेव्हापासून मी गेटसेलरेंजबायनेम वापरून सेलचा पत्ताच थेट देतो, म्हणजे सूत्राचा आणि सेलचा ओळक्रमांक एकच राहतो. ओळक्रमांक अक्षरांत बदलताना एसटीआर हे फंक्शन टाळावे, कारण ते आकड्याच्या आधी एक मोकळी जागा सोडते आणि पत्ता बिघडतो, सीएसटीआर वापरावे.

याहून सुटसुटीत मार्ग म्हणजे पहिल्या ओळीत सूत्र बसवून फिलऑटो या आज्ञेने ते खाली ओढणे. पत्ते ओळीगणिक बदलतात आणि लूपची गरज उरत नाही. फक्त 'जमा' पानावरच्या ज्या पट्ट्यातून वसुली शोधायची, त्याच्या पत्त्यांना डॉलरचे चिन्ह न विसरता लावावे, अन्यथा पट्टाही ओळीगणिक खाली सरकतो आणि सुरुवातीच्या नोंदी हिशेबातून निसटतात. हजारो सेल भरायचे असतील तर सेटफॉर्म्युलाअ‍ॅरेने सगळी सूत्रे एका फटक्यात देता येतात; ओळी आणि रकाने यांची संख्या मात्र पट्ट्याशी अचूक जुळली पाहिजे. आमच्या 84 ओळींना त्याची आवश्यकता भासली नाही.

सूत्रात चूक असली तरी सेटफॉर्म्युला मॅक्रो थांबवत नाही, हे मला सर्वांत धोक्याचे वाटते. फंक्शनचे नाव चुकले तर सेलमध्ये चूक दाखवणारी खूण उमटते, पण मॅक्रो पुढे जातो आणि काम पार पडल्यासारखे वाटते. म्हणून सूत्रे भरून झाल्यावर मी प्रत्येक सेलला गेटएरर विचारतो. उत्तर शून्य आले तर सूत्र ठीक; नाव ओळखता आले नाही तर 525 येते. शून्याशिवाय काहीही आले, तर त्या सेलचा पत्ता दाखवून मॅक्रो थांबावा, एवढ्या चार ओळी प्रत्येकाने लिहाव्यात असा माझा आग्रह आहे. अर्थात ओळ सरकण्यासारखी चूक या तपासणीत सापडत नाही. तिच्यासाठी दोन-तीन सदनिकांची बिले हाताने मोजून ताडून पाहावी लागतात.

लिब्रेऑफिस विनामूल्य मिळते, त्यामुळे संस्थेच्या खर्चाचा प्रश्न येत नाही. फाइल दुसऱ्याकडे सोपवताना दोन गोष्टी सांगून ठेवाव्या लागतात. सुरक्षेची पातळी मुळातच उच्च असल्यामुळे, फाइलचा फोल्डर विश्वासार्ह जागांच्या यादीत घातल्याशिवाय डिजिटल सही नसलेला मॅक्रो चालत नाही. आणि फाइल कॅल्कच्या स्वतःच्या ओडीएस स्वरूपातच जतन करावी, कारण एक्सएलएसएक्स स्वरूपात जतन केली तर सूत्रे राहतात, पण मॅक्रो जातो.