आत्मपरीक्षणाची वही: आखणी पक्की, कागद पातळ

नागपूरच्या सदर भागातल्या चर्चच्या पुस्तक-स्टॉलवरची ही खिशात मावणारी वही जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या, रोज आपला एक दोष मोजायच्या पद्धतीवर बेतली आहे. मुखपृष्ठावर बायबलमधलं मत्तय २६:४१: परीक्षेत पडू नये म्हणून जागृत राहा व प्रार्थना करा. (मराठी बायबलमधली ‘परीक्षा’ म्हणजे मोहही, दहावीच्या पोराला भलतंच वाटेल.)

एका पानावर एक आठवडा, रोज दोन ओळी. पहिली दुपारच्या जेवणानंतर भरायची, दुसरी रात्रीच्या. जितक्यांदा घसरलात तितके ठिपके. दोष एकच निवडा, आणि नुसतं ‘राग’ लिहू नका. ‘गिऱ्हाइकावर खेकसणे’ लिहा, नाहीतर मोजणार काय? घसरल्याक्षणी हात छातीशी न्यायचा. सीताबर्डीच्या गर्दीतही कुणाच्या ध्यानात येत नाही. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढले तर बरेचदा लक्ष तीक्ष्ण झालेलं असतं, पाप वाढलेलं नव्हे. इथेच बरेच जण वही सोडतात.

उणीव मोठी आहे. मन कोरडं पडलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नये, हा इग्नेशियसचा कळीचा नियम कुठेच छापलेला नाही. शेवटच्या कोऱ्या पानावर स्वतः लिहून घ्या.

जेल पेनाची शाई मागे उमटते, मे महिन्यात घामाने फिसकटते. पेन्सिल वापरा.