जुनी लक्झरी सेडान घेताना: एस-क्लास, सेव्हन सिरीज, ए8 की लेक्सस एलएस?

पंधरा-वीस वर्षं जुनी मोठी लक्झरी सेडान घ्यायची म्हटलं की सगळे एकच विचारतात, "यातली कमी बिघडते कुठली?" या वयात चारही बिघडतात. मी आधी बघतो ते हे, की बिघाड पटकन सापडतो का आणि सापडल्यावर तिथे हात पोचतो का. या कसोटीवर चौघींत बराच फरक पडतो.

सुरुवात मर्सिडीज एस-क्लासपासून. 1998 साली आलेल्या डब्ल्यू220 पिढीपासून या गाडीत एअरमॅटिक, म्हणजे हवेवरचं सस्पेन्शन आहे. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी पुढच्या एका कोपऱ्यात बसलेली दिसते, चाक मडगार्डच्या आत शिरलेलं असतं, आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. खरं तर हा बिघाड समजायला सोपा आहे. स्ट्रटमधलं, म्हणजे चाकाजवळच्या हवेच्या खांबातलं रबर वयानुसार कडक होतं, घडीपाशी त्याला भेगा पडतात आणि हवा झिरपू लागते. ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो, तापतो आणि शेवटी जळतो. अनेक जण इथेच चुकतात. गळती तशीच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसवतात आणि तोही काही महिन्यांत जातो.

गळती शोधायला स्प्रेच्या बाटलीतलं साबणाचं पाणी पुरतं. इंजिन चालू करून गाडी पूर्ण उंचीवर आणा, मग स्ट्रटच्या वरच्या जोडावर आणि रबराच्या घडीवर फवारा. जिथे बारीक फेस सारखा फुगत राहतो, तिथे गळती. गाडी नुसत्या हवेवर उभी असताना हात खाली घालू नका, आधी स्टँड लावा. कॉम्प्रेसर बदललात तर त्याचा रिलेही, म्हणजे त्याला वीज देणारा स्विच, त्याच वेळी बदला, कारण जुन्या रिलेचे पॉइंट चिकटले की नवा कॉम्प्रेसर बंदच होत नाही. काही एस-क्लासमध्ये हवेऐवजी एबीसी नावाची हायड्रॉलिक यंत्रणा असते, सुमारे 200 बार दाबाच्या तेलावर चालणारी. ती गाडी चालवायला अप्रतिम आहे, पण पाइप, पंप आणि व्हॉल्व्ह ब्लॉक सांभाळणारा माणूस हाताशी नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

इंजिनात एक जागा आधी तपासा. साधारण 2004 ते 2008 दरम्यानच्या एम272 व्ही6 मध्ये बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचा) गिअर आणि एम273 व्ही8 मध्ये टायमिंग चेन फिरते तो आयडलर गिअर झिजायचा. गाडी आवडली तर इंजिन नंबरावरून सुधारित भाग आहे का, याची खात्री करूनच पुढे जा.

बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजचं, म्हणजे 2001 च्या ई65 चं गणित वेगळं. साध्या गाडीत स्टीलच्या स्प्रिंगा असतात, त्यामुळे सस्पेन्शनची चिंता कमी. दुखणं इंजिनात आहे. एन62 व्ही8 चे व्हॉल्व्ह स्टेम सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवरून तेल सिलिंडरमध्ये उतरू न देणारी सीलं, कडक होतात. ओळखायची रीत अशी: गरम इंजिन पाच-दहा मिनिटं आयडलिंगवर ठेवा, मग अॅक्सिलरेटर दाबा. मागून निळा धूर निघाला तर सील गेले असं समजायचं. दुसरं दुखणं म्हणजे व्हीच्या दरीतला, म्हणजे सिलिंडरांच्या दोन रांगांमधला कूलंट पाइप. त्याचं सील गेलं की कूलंट वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून ठिबकतं. मूळ पाइप अखंड असल्यामुळे पुढचं टायमिंग कव्हर काढावं लागतं. दोन तुकड्यांचा, लांबी कमी-जास्त होणारा पाइप मिळतो, त्याने ते काम टळतं. धूर देणारी गाडी मी कितीही स्वस्त मिळाली तरी घेणार नाही.

ऑडी ए8 वर माझा जीव आहे, म्हणून स्पष्टच सांगतो. 1994 पासून तिची बॉडी अॅल्युमिनियमची आहे, त्यामुळे जर्मन गाड्यांना खाणारा गंज इथे फारसा त्रास देत नाही. पण ठोकर बसली तर अॅल्युमिनियम जोडणारं गॅरेज शोधावं लागतं. 2002 च्या डी3 पिढीत एअर सस्पेन्शन सरसकट आहे, म्हणजे वरचं सगळं इथेही लागू. शिवाय 4.2 लिटरच्या एफएसआय पेट्रोल इंजिनात टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. ती ताणून धरणारा टेन्शनर किंवा गाइड बदलायचं तर इंजिन बाहेर काढावं लागतं. थंड इंजिन सुरू करताना पहिले काही सेकंद इंजिनाच्या मागच्या बाजूने खडखड आली, तर गाडी तिथेच सोडा.

ई65 आणि डी3 मधला झेडएफचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक चांगला आहे. मात्र "तेल आयुष्यभर पुरतं" यावर विश्वास ठेवू नका. खुद्द झेडएफ 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला तेल बदलायला सांगते.

लेक्ससबद्दल थोडंच लिहायचं आहे, आणि हीच तिची थोरवी. एलएस 430 मध्ये टायमिंग बेल्ट आहे. तो वॉटर पंपासकट साधारण 1,45,000 किलोमीटरला बदलायचा. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणून बदलल्याचा कागद नसेल तर बदललाच नाही असं धरा. काम समोरून होतं, इंजिन जागेवरच राहतं. 2006 च्या एलएस 460 मध्ये चेन आली, पण पुढच्या सस्पेन्शन आर्मचे रबरी बुश झिजतात. चालवण्याची मजा मात्र बीएमडब्ल्यूइतकी नाही, हे मान्य करायलाच हवं.

साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या तपासणी-सॉकेटला लावायचं यंत्र, इंजिनाचे बिघाड-कोड वाचतो. सस्पेन्शन, एअरबॅग, दरवाजे यांच्यासाठी त्या-त्या ब्रँडचं सॉफ्टवेअर लागतं: मर्सिडीजला झेंट्री, बीएमडब्ल्यूला इस्टा, लेक्ससला टेकस्ट्रीम. ऑडीसाठी स्वतंत्र कंपनीचं व्हीसीडीएस आहे आणि सामान्य मालकाला तेच सर्वांत सोयीचं पडतं. तिन्ही जर्मन गाड्यांत म्युझिक सिस्टिम आणि फोन प्रकाशतंतूच्या एका वर्तुळात जोडलेले असतात. डिकीत पाणी शिरून अॅम्प्लिफायर मेला तरी सगळा आवाज बंद पडतो, आणि मालक मात्र पुढचा स्क्रीन बदलत बसतो. आधी एकेक युनिट वगळून वर्तुळ जोडून पाहा.

एकच गाडी असेल आणि तीच रोज वापरायची असेल, तर एलएस 430 घ्या. दुसरी गाडी दारात आहे आणि स्वतः हात काळे करायची तयारी आहे, तर एअरमॅटिकची एस-क्लास. स्टिअरिंग हातात धरायचंच असेल तर सेव्हन सिरीज, मात्र सहा सिलिंडरची. ए8 घ्यायची तर ओळखीचा ऑडी मेकॅनिक आधी आणि गाडी नंतर.

गाडी बघायला जाण्यापूर्वी विकणाऱ्याला कळवा की इंजिन थंडच हवं. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. तो कोमट लागला तर परत फिरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी या.