स्पोर्ट्स कारचा अल्टरनेटर गेला: नवा घ्यायचा, बनवून घ्यायचा की कुर्ल्यातून जुना आणायचा?

डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो, गॅरेजवाला अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर वीज बनवून बॅटरी चार्ज करणारा भाग) गेल्याचं सांगतो, आणि मग तीन भाव हाती येतात: सर्व्हिस सेंटरचा, ऑटो इलेक्ट्रिशियनचा आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या मालाच्या दुकानाचा. तिन्हींत एवढी तफावत असते की स्वस्ताकडे मन ओढलं जातंच. पण भाव बघण्याआधी तुमच्या गाडीत त्या अल्टरनेटरपर्यंत पोहोचायला किती खोलाखोल करावी लागते, हे विचारा. माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच होतो.

पोर्शे बॉक्स्टरचं उदाहरण घ्या. तिचं इंजिन सीटच्या मागे, गाडीच्या मध्यात असतं. छप्पर अर्धवट उघडून धरायचं, इंजिनवरचं झाकण काढायचं, सीटमागचं पॅनल सोडवायचं, बेल्ट उतरवायचा, तेव्हा कुठे अल्टरनेटर हाताला लागतो. अशा गाडीत सहा महिन्यांनी तेच काम पुन्हा निघालं तर वाचवलेले पैसे मजुरीत जातात. पुढे इंजिन असलेल्या अनेक गाड्यांत मात्र हे काम बरंच सुटसुटीत असतं. तिथे दुरुस्तीचा पर्याय आजमावायला हरकत नाही.

त्याआधी रोगनिदान पक्कं करून घ्या. इंजिन बंद असताना चांगली, चार्ज असलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर आकडा 13.8 ते 14.5 च्या आसपास गेला पाहिजे. अलीकडच्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे क्षणभर कमी आकडा दिसला म्हणून निकाल देऊ नका. हेडलाइट आणि एसीचा पंखा लावून बघा, स्कॅनर जोडा. मग अल्टरनेटरची जाड तार तपासा. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत टर्मिनल आणि अर्थची (बॅटरी गाडीच्या सांगाड्याला जोडणारी) पट्टी गंजते. बॉक्स्टर आणि पोर्शेच्याच 911 च्या 2005 नंतरच्या पिढीत तर अल्टरनेटरकडून स्टार्टरकडे (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरकडे) जाणारी केबलच आतून खराब होण्याची तक्रार जगभर ओळखीची आहे. अल्टरनेटर ठणठणीत आणि तार खराब, अशा गाडीत नवा अल्टरनेटर बसवून काय मिळणार?

एक गोष्ट कोणालाही करू देऊ नका: चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून "बघू, गाडी बंद पडते का" ही परीक्षा. बॅटरी सुटताच व्होल्टेज उसळतं आणि महागडं कंट्रोल युनिट जळू शकतं.

आता बनवून घेणं, म्हणजे जुनाच दुरुस्त करून घेणं, विरुद्ध नवा. झिजलेले कार्बन (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे ब्रश) किंवा बिघडलेला रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) असेल, तर बनवून घेणंच शहाणपणाचं. बॉशच्या कित्येक अल्टरनेटरांत हे दोन्ही एकाच तुकड्यात असतात आणि मागचे स्क्रू काढले की बदलता येतात. डायोड (वीज एकाच दिशेला जाऊ देणारा भाग) गेला असेल तरी चांगला कारागीर डायोड प्लेट बदलून देतो. (रात्रभर उभी केलेली गाडी सकाळी डेड मिळत असेल, तर डायोडचा संशय जरूर घ्या.) पण स्टेटरचं (अल्टरनेटरच्या स्थिर भागाचं) तारेचं वाइंडिंग जळालं असेल, तर मी गल्लीतल्या रिवाइंडिंगच्या नादी लागणार नाही.

बेअरिंगच्या बाबतीत स्पोर्ट्स कार वेगळी पडते. इंजिन 7,000 आरपीएमला पोहोचतं तेव्हा लहान पुलीमुळे अल्टरनेटर त्याच्या अडीच-तीन पट फिरतो, म्हणजे 17,500 ते 21,000 आरपीएम. टॅक्सीला चालणारं स्वस्त बेअरिंग इथे टिकत नाही. म्हणून बनवून घेताना बेअरिंग नामांकित कंपनीचंच हवं, आणि काम झाल्यावर बेंचवर पूर्ण लोड देऊन चाचणी हवी. यावर कारागीर टाळाटाळ करू लागला, तर अल्टरनेटर उचला आणि निघा.

नव्यातही दोन वाटा आहेत. एक, कार कंपनीच्या खोक्यातला. दुसरी, बॉश, व्हॅलिओ किंवा डेन्सो अशा मूळ उत्पादकाचा तोच माल. दुसरा बहुधा स्वस्त पडतो आणि मध्यात इंजिन असलेल्या गाडीसाठी माझी पहिली पसंती त्यालाच. मात्र जुन्यावरचा पार्ट नंबर, अँपिअर आणि पुली तंतोतंत जुळली पाहिजे. कॉम्प्युटरच्या ताब्यातलं चार्जिंग असेल तर रेग्युलेटरची जात चुकून चालत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर चर्चाच नको, सर्व्हिस सेंटरला द्या.

कुर्ल्याचा जुना माल मी फक्त एका अटीवर घेईन: उघडून कार्बन, स्लिप रिंग (कार्बन ज्यांवर घासतात त्या कड्या), बेअरिंग बघू द्यायचं, आणि पक्कं बिल द्यायचं. पाण्यात बुडालेल्या गाडीचा भाग असेल तर बाहेरून कळतही नाही. पावसाळ्यात इथे किती गाड्या पाण्यात जातात, ते आपण दरवर्षी पाहतो.

गॅरेजपर्यंत गाडी चालवत नेण्याचा मोह टाळा. चार्जिंग बंद असताना सगळा भार बॅटरीवर येतो. 70 अँपिअर-अवरची बॅटरी 35 अँपिअर ओढले गेले तर कागदावर दोन तास, प्रत्यक्षात बरीच कमी चालते. कोस्टल रोडच्या बोगद्यात गाडी बंद पडणं तुमच्यासाठी आणि मागच्यांसाठी धोक्याचं आहे. फ्लॅटबेडच (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक) मागवा, खाली बसकी गाडी पुढची चाकं उचलून ओढली तर मागचा बंपर घासतो आणि गिअरबॉक्सचंही नुकसान होऊ शकतं.

पर्याय कोणताही निवडा, बसवण्याआधी बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या. रिकामी बॅटरी भरण्याचं काम नव्या अल्टरनेटरवर टाकलं तर पहिल्याच दिवशी तो तापतो. आणि गॅरेजमधून निघण्यापूर्वी, सगळे दिवे आणि एसी लावून, मीटरवरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा.