केईएफ एलएस५० मेटा: चिऱ्याच्या घरासाठी

आमचं घर वेंगुर्ल्याचं. चिऱ्याच्या भिंती, खाली कोबा, वर कौलं. अशा खोलीत मोठे टॉवर स्पीकर लावले की खर्ज नुसता घुमतो, पखवाजाचे बोल एकमेकांत मिसळतात. म्हणून मी केईएफ कंपनीचे हे छोटे स्पीकर निवडले आणि मनापासून खूश आहे.

यात ट्वीटर (बारीक, उंच स्वरांचा भाग) वूफरच्या (खालच्या स्वरांच्या भागाच्या) बरोबर मध्यभागी बसवलाय, त्यामुळे सगळा आवाज एकाच जागेवरून येतो. किशोरीताई आमोणकर लावल्या की गळा समोर मधोमध, तानपुरे जरा मागे, स्वरमंडळाची तार न् तार सुटी ऐकू येते. ट्वीटरमागे चक्रव्यूहासारखी तबकडी आहे, ती मागे जाणारा आवाज शोषून घेते. ही २०२० च्या या ‘मेटा’ आवृत्तीत आली. तार षड्ज कानाला टोचत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

खर्ज खाली ७९ हर्ट्झपर्यंत उतरतो. गायकीला पुरतो, सिनेमाचे धमाके हवे असतील तर सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर, जोडा. संवेदनशीलता (दिलेल्या विजेत किती मोठा आवाज निघतो ते माप) ८५ डेसिबल, म्हणजे कमीच, तेव्हा ॲम्प्लिफायर दमदार घ्या. कंपनी ४० ते १०० वॅट सांगते.

पोर्ट, म्हणजे खर्जाची हवा बाहेर सोडणारं भोक, मागे आहे, भिंतीपासून हातभर पुढे ठेवा. समोरच्या भिंतीवर मी आईच्या गोधड्या टांगल्यात, घुमारा बराच उतरला. आणि खाऱ्या वाऱ्यात तांब्याच्या उघड्या तारा हिरव्या पडतात, त्यामुळे तारांच्या टोकांना लावायला सोन्याचा मुलामा दिलेले बनाना प्लग घ्याच.